साळूबाईचे अलार्म

साळूबाईला हल्ली काहीच ध्यानात राहत नव्हतं. पदराला गाठ मारून ठेवायची आणि गाठ कशाची, तेच विसरून बसायची. शेवटी तिच्या लेकीनं, श्रेयानं, मोबाईलमध्ये अलार्म लावून दिले. ते वाजले की श्रेयाचाच आवाज यायचा, "आई, बीपीची गोळी घे." "आई, आज नळाला पाणी येणार." साळूबाईचं एकही काम चुकेना. तिला लई हलकं वाटू लागलं.

"दर महिन्याला हर्सूलच्या जेलात आपल्या अंगददादाला भेटायला जातेस, त्याचाही लावून देऊ का?" एक दिवस श्रेयानं विचारलं.

साळूबाईनं तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"तेवढा नको लावू गं. एखादी खेप तरी इसरू दे मला."