वारसाचा रकाना

घरात पुस्तकांची चार कपाटे असल्यामुळे साखळी गावच्या शाळेतल्या सुविधा बाईंना अंधश्रद्धेचा भारी राग. शाळेतून इंटर्नशिपला वर्कशॉपमध्ये जाणाऱ्या मुलांसाठी अपघात विमा त्यांनीच भांडून मंजूर करून घेतला होता, आणि आता त्यांतल्याच संजनाची आई गंगा फॉर्म भरायलाच तयार नव्हती. संजना तर उद्यापासून वेल्डिंगला उभी राहणार.

"माझ्या चेडवाक कायतरी झाला तर पैसे कोणाक मिळतले, ह्या मीच लिवू? हात उठना नाय, बाई."

"गंगाबाय, लिहिल्याने कोणी मरत नाही. आणि न लिहिल्याने कोणी जगत नाही."

हे वाक्य बाईंना स्वतःलाच इतके आवडले की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटले. मग मुलांबरोबर जाणाऱ्या शिक्षकांसाठीचा फॉर्म पुढ्यात ओढून त्यांनी तो तिच्यासमोर झरझर भरून दाखवला. नाव, पत्ता, वारस, सही.

"बघ. दोन मिनिटांचे काम. मन जरा घट्ट करायचे, एवढेच."

गंगाने फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "बाई, वारस म्हणून तुमी तुमच्या बाबांचा नाव लिवलास."

"मग?"

"गेल्या सोमवारी त्यांचा बारावा झाला. मी जेवक इललंय."

बाई चष्मा काढून पुसत बसल्या. गंगाने त्यांच्या हाताजवळचे पेन उचलले, संजनाच्या फॉर्मवर वारस म्हणून आपले नाव लिहिले, खाली सही केली आणि म्हणाली, "माझा झाला. तुमचा उद्या दोघी मिळान भरूया."