कंट्रोलचा ट्रे

तिसऱ्या पिढीचेही डोळे पांढरेच निघाले. तेजश्रीने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली, पाठ ताणली आणि सरांना बोलावलं.

सर वाकून बराच वेळ पाहत राहिले. भिंगाखाली गुंगी दिलेल्या फळमाश्या आडव्या पडल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांचा रंग हाच तेजश्रीच्या पीएच.डी.चा सहा वर्षांचा विषय होता. डोळा लाल करणारं जनुक या माश्यांमध्ये शाबूत असतं. फक्त ते आपल्या जागेवरून निसटून गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागाला खेटून बसलेलं असतं. काही पेशींत तो घट्टपणा त्याच्यापर्यंत पसरतो, आणि तिथे ते मुकं होतं. काही पेशींत पसरत नाही, तिथे लाल रंग भरतो. म्हणून डोळा लाल-पांढऱ्या चट्ट्यांचा. तेजश्रीच्या माश्यांमध्ये आणखी एक बदल होता. त्यामुळे गुंडाळी अधिक आवळली जाते आणि डोळा पांढरा निघतो, असं तिचं म्हणणं. तो बदल नसलेल्या साध्या माश्या शेजारच्या ट्रेमध्ये होत्या, तुलनेसाठी. तो कंट्रोलचा ट्रे. त्यांचे डोळे चांगले लाल होते. पिल्लं मात्र तिथे कमी निघायची. जुना वाण, थकला असेल, असं तिने धरून टाकलं होतं.

"तापमान?" सरांनी विचारलं. गारव्यात ही गुंडाळी आपोआप आवळते आणि उष्म्यात सैल पडते, हे या कामातलं पहिलं भय.

"दोन्ही ट्रे एकाच खोलीत, एकाच फळीवर आहेत, सर."

"मग लिहायला घे."

सहा वर्षांत सरांच्या तोंडून आलेलं हे पहिलं बरं वाक्य. आनंद व्हायला हवा होता. तिला झोप आली.

मुदतवाढ दोनदा मिळाली होती, तिसरी मिळणार नव्हती. जूनअखेर प्रबंध जायला हवा होता. अकलूजच्या एका कॉलेजात जागा निघाली होती, तिला पीएच.डी. लागत होती. तिच्या वडिलांनी, नवनाथरावांनी, 'कधी होतंय गं?' असं विचारणं वर्षभरापूर्वी सोडून दिलं होतं. विचारायचे तेव्हा ती चिडायची. आता न विचारण्याचं ओझं व्हायचं.

पुढच्या आठवड्यात शोधनिबंध तयार झाला. सर त्याच संध्याकाळी तो नियतकालिकाला पाठवणार होते. मे महिना. सोलापुरात दुपारी वीज गेली की विभागात कुणी थांबत नसे. एसी बंद, पंखे बंद. तेजश्रीही रोज चार वाजता, वीज आल्यावरच परतायची. त्या दिवशी छायाचित्रांचा पेनड्राइव्ह टेबलावर राहिला, म्हणून ती भर दुपारी पुन्हा जिना चढली.

माश्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत मल्लप्पा मामा होते. विभागाचे शिपाई, मूळचे दुधनीचे. अनवाणी उभे राहून बादलीवर चादर पिळत होते. चांगली जाड सोलापुरी चादर. पिळून झाल्यावर त्यांनी ती झटकली आणि तेजश्रीच्या ट्रेवर पसरली. चारी कोपरे नीट खाली ओढले.

तिला पाहून ते दचकले. "बाटल्यांना हात न्हाय लावला, ताई. वरनं टाकतो नुसती."

कधीपासून, असं तिने विचारलं. उन्हाळा लागल्यापासून, ते म्हणाले. वीज गेली की टाकायची, वाळली की पुन्हा भिजवायची, वीज यायच्या आत काढून ठेवायची. गेल्या साली एसी बिघडला आणि तिच्या सगळ्या माश्या एका दुपारी मेल्या, तेव्हा ती जिन्यात बसून रडली होती. त्यांनी ते वरून पाहिलं होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात ओलं कापड माठाला गुंडाळतो, बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला टांगतो, मग ह्या तर एवढ्याशा जिवाच्या, असं त्यांचं म्हणणं.

"आणि हा दुसरा ट्रे?"

"त्येच्यावर तुमचं नाव न्हाय की. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी असतील."

खरं होतं. तिने आपल्या ट्रेवर ठळक अक्षरांत नाव घातलं होतं आणि खाली 'हात लावू नये'. दुसऱ्यावर नुसतं 'कंट्रोल'.

तिने चादरीखाली हात घातला. माठाजवळ लागतो तसा गारवा. मग तोच हात वीतभर अंतरावर, कंट्रोलच्या बाटल्यांवर ठेवला. त्या तापल्या होत्या. थर्मामीटर दाराजवळ भिंतीवर होतं. रोज तिथलाच आकडा ती मांडत आली होती. तीन पिढ्या गारव्यात वाढल्या होत्या. पांढरे डोळे त्या गारव्याचे होते की तिच्या जनुकाचे, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

मामा चादरीचा कोपरा धरून उभे होते. चादरीचं हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्याचा अर्थ फक्त तिला. ती स्टुलावर बसली. मग तिने सरांना फोन लावला.

"सर, पाठवू नका. दोन ट्रेंचं तापमान वेगळं होतं. मी मोजलं नव्हतं."

सर म्हणाले, "आणि जून?"

"जून जाईल, सर."

तिने फोन ठेवला. मामांचा चेहरा उतरला होता. फोनवरचं सगळं त्यांना उमगलं नव्हतं, पण काहीतरी बिनसलं एवढं कळलं होतं.

"माझं काय चुकलं का, ताई? औंदा मेल्या तर न्हाईत न्हवं?"

"एक पण नाही मेली, मामा," ती म्हणाली. "चादर तेवढी एक कमी पडली. दुसरी मी उद्या घरून आणते."