नायमेखनहून अंतर

नीलांबरी नेदरलँड्समधल्या नायमेखनला घरी बसून एका पर्यटन कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहायची. या आठवड्यात ऑल्डरविक नावाच्या इंग्लंडमधल्या छोट्या बाजारगावाचं काम होतं. चौकात दगडी क्रॉस, सातशे वर्षं दर बुधवारी भरणारा बाजार, आणि नायमेखनहून अंतर पाचशे किलोमीटर.

मंगळवारी सकाळी फाइलमध्ये पाचशेच्या जागी तीनशे दिसले. तिने दुरुस्त केलं. बुधवारी सकाळी पाहिलं तर चाळीस.

"हरीश, माझ्या फाइलला हात लावू नकोस. कितीदा सांगायचं?"

"मला काय करायचंय तुझ्या फाइलशी?" नवरा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला. "पासवर्डसुद्धा माहीत नाही मला."

तिने पुन्हा पाचशे लिहिले, पासवर्ड बदलला आणि जेवायला गेली. परत येऊन बघते तर दोन. लेकीची, अश्लेषाची शाळाही याहून लांब होती. वैतागून तिने ते वाक्यच खोडलं.

शाळा तीनला सुटायची, आणि सायकलवरून घरी यायला लेकीला पंधरा मिनिटं पुरायची. चार वाजले तेव्हा नीलांबरीने फोन लावला.

"कुठे रेंगाळत्येस गं? रोज तेच सांगायचं का?"

"मी नेहमीच्याच रस्त्याने आले, आई." अश्लेषा एरवी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आज ती मराठीत बोलत होती, अगदी हळू. "इथे बाजार भरलाय. कुणालाच डच येत नाही. मी घरचा रस्ता विचारला, तर म्हणतात, नायमेखन समुद्रापलीकडे आहे."