खोट्या निकालाची चिठ्ठी

धक्का बसला की माणूस कसा वागतो, ते तपासायला मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीनं प्रयोगाला आलेल्या घड्याळवाल्या काकांना ठरलेली थाप मारली, "तुमची स्मरणशक्ती सगळ्यांत कमी भरली." शेवटी खरं सांगून 'निकाल खोटा होता' अशी चिठ्ठी द्यायची, हा विद्यापीठाचा नियम. पण ती चिठ्ठी आणायला वळली आणि काका पसार! चिठ्ठी घेऊन ती धावतच जिने उतरली. काका बसथांब्यावर सापडले, तळहातावर पेनानं स्वतःचाच पत्ता लिहिताना. "काका, थाप होती ती! हे वाचा!" काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, मग तिच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं. "तू कोण गं?" "अहो, मी... आत्ता वरती..." ती रडकुंडीला आली, तेव्हा काकांनी गालात हसत तळहात पँटीला खसाखसा पुसला आणि चिठ्ठी तिच्या हातात कोंबली. "घे, आता ही तुला लागेल."