तीन डबे घसरले

रेल्वेतून निवृत्त झालेल्या सांधेवाल्या दिघ्यांनी वर्षभर खपून टेबलावर मालगाड्यांचं यार्ड बांधलं. डबा काड्यापेटीएवढा, पण त्याच्या दाराला कडीसुद्धा होती.

त्यांचे जुने यार्डमास्तर कारखानीस ते बघायला आले. बघता बघता खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "दिघे, जरा शंटिंग करू का?"

पहिल्याच सांध्यावर साहेबांनी तीन डबे घसरवले.

नोकरीत तीस वर्षं दिघ्यांनी याच माणसाची बोलणी खाल्ली होती. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, लेखी खुलासा द्या."

साहेबांनी खरंच कागद मागितला आणि पानभर लिहून सगळा दोष दिघ्यांच्या पत्नी सुलभाताईंच्या ट्रेवर ढकलला. चहा ठेवताना म्हणे टेबल हललं.

सुलभाताईंनी खुलासा वाचला, खाली 'नामंजूर' लिहिलं आणि चहा परत आत नेला.