शेवटच्या अल्बममधली मुलगी

पहिलं गाणं लागताच उन्मेषनं आवाज वाढवला. त्यांचा रॉक बँड फुटल्यापासून तीस वर्षांत त्यानं हा शेवटचा अल्बम ऐकलाच नव्हता. गाणी लिहिली होती बँडमधल्याच नचिकेतनं, गायली उन्मेषनं. अल्बम गाजला. त्याच महिन्यात उन्मेषचं मृणालशी लग्न झालं, आणि नचिकेत कुणाला काही न सांगता निघून गेला.

"कसला आवाज होता रे तुझा!" शेजारी बसलेली मृणाल म्हणाली.

तो हसला. पण तिसऱ्या गाण्याला त्याचं हसू मावळलं. गाण्यातली मुलगी डाव्या हातानं लिहायची, हसताना तोंडावर हात धरायची, रिहर्सलला मागच्या खुर्चीत येऊन बसायची. तेव्हा त्याचं सगळं लक्ष सुरांकडे असायचं. शब्द तो आज पहिल्यांदा ऐकत होता.

त्यानं गाणं बंद केलं. "मृणाल, ही तू आहेस. तुला माहीत होतं?"

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुलाही माहीत आहे. माहीत असून तू इतकं रंगून गातोयस."



"म्हणजे नचिकेतलाही तसंच वाटलं असणार," तो म्हणाला.