सफरचंदाच्या फोडी

सुधारगृहातून सुटलेल्या मुलींना मार्गी लावायचं बिनपगारी काम जपानमधल्या आओमोरीच्या फुसाएबाई वीस वर्षं करत होत्या. आताची मिनोरी. तिनं वर्गातल्या मुलीवर सुरी चालवली होती. दर पंधरवड्याला ती भेटायला घरी यायची, आणि ती यायच्या आधी बाई घरातल्या सगळ्या सुऱ्या फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवायच्या. सफरचंदही आधीच चिरलेलं.

“तिला सांगतेस, मी तुझ्यावर विश्वास ठेवते. आणि हे काय?” नवरा टोमणा मारायचा. बाईंना लाज वाटायची, पण हात थांबायचे नाहीत.

मिनोरी येईपर्यंत फोडी काळ्या पडायच्या. ती मुकाट्यानं खायची. पोर तशी गुणाची. एकदा बाईंचा हात मुरगळला होता, तर तिनंच उठून डब्यातले तांदूळ काढले, धुतले आणि भात लावला.

देखरेखीची दोन वर्षं पुरी झाली. शेवटच्या भेटीला मिनोरी स्वतः काम करत असलेल्या बागेतली सफरचंदं घेऊन आली. तिनं आणलेला डबा उघडला, तर आत सोललेल्या फोडी, मिठाच्या पाण्यातून काढलेल्या, पांढऱ्याशुभ्र.

“अगं वेडे, चिरून कशाला आणलीस? इथंच ताजी चिरली असती की!” बाई म्हणाल्या.

मिनोरीनं मान खाली घातली.

“मग माझ्यादेखत तुम्हाला तांदळात हात घालावा लागला असता, बाई.”